मेंढरं कोणाची?

अगं, मेसेज वाचला तुझा. डिझर्टेशनला जनावरं आणि नातेव्यवस्था हा विषय घेतलास ते झकास, पण "गुरं आली की मातृवंश (वंश आईकडून मोजणं) जातो हे सिद्ध झालंय" असं जे ठोकून दिलंयस ना, तिथे जरा दमानं घे.

त्यात तथ्य नाही असं नाही. अ‍ॅबर्ली या मानववंशशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच म्हटलं होतं की गाय मातृवंशाची वैरीण, आणि २००३ मध्ये होल्डन आणि मेस या दोघी संशोधिकांनी आफ्रिकेतले ६८ बांटू भाषिक समाज त्यांच्या भाषांच्या वंशवृक्षावर मांडून दाखवलं की गुरं पाळायला लागलेले समाज मातृवंश सोडत गेले. गुरं वाढतात, राखावी लागतात, आणि मुलाला दिली की तो ती सासरी देऊन बायको करतो, जमलं तर दुसरीही. दक्षिण सुदानातल्या न्यूअर लोकांत लग्नाला ४० गुरं द्यावीत अशी अपेक्षा असायची, ती पोचली की पोरं बापाच्या कुळाची. उलट त्सेत्से माशीमुळे जिथे गुरं टिकतच नाहीत त्या मध्य आफ्रिकेच्या पट्ट्यात मातृवंश बराच राहिलाय.

पण मग अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींचं काय? मेंढ्यांवर जगणारे आणि वंश आईकडून! कारण बऱ्याच मेंढ्या बायकांच्या नावच्या, १९३० च्या दशकात सरकारने कळप कमी करायला लावले तेव्हा बायकाच जास्त बुडाल्या. नामिबियातल्या हेरेरोंचं तर आणखी गमतीचं, पवित्र गुरं बापाच्या कुळातून येतात आणि बाकीची आईच्या. (आणि दुहिता, म्हणजे मुलगी, हा शब्द दूध काढणारी यावरून आला, हे कृपा करून प्रस्तावनेत घालू नकोस, त्या व्युत्पत्तीवर वाद आहेत. गोत्र म्हणजे मुळात गायींचा गोठा, ते घाल हवं तर.)

आता तुझं फील्डवर्क. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे तांडे, पुण्याच्या बाजूने कोकणात उतरायला निघतील तेव्हा "मेंढरं कोणाची" असं विचारू नकोस, वाड्याचा कारभारी "आमची" म्हणतो आणि विषय संपतो. मी हेच केलं होतं, दोन दिवस वही भरली आणि मग त्याची बायको चुलीपाशी हळूच म्हणाली, त्यातली चार माझ्या माहेरची, आंदण आलेली. सगळी वही परत लिहिली मी! तू एकेका जनावराला एक ओळ दे, कुठून आलं, अर्धलीनं (दुसऱ्याचं, अर्ध्या वाट्यावर राखलेलं) आहे का, पिल्लू कोणाचं, विकलं तर पैसे कोणाच्या हातात.

आणि बायकांना बसून बोलायला वेळ नसतो गं, पहाटे घोड्यावर बिऱ्हाड लादून त्या निघतात, त्यामुळे रेकॉर्डर बॅगेतच ठेव आणि बूट चांगले घे.