फोटोत नसलेल्याचा अंगठा

प्रिय मावशी,

मी बडोद्याची, अकोट्याला राहते. २०२२ साली कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, इलेक्ट्रिकलची बी.ई. झाले. आमचा सहा जणांचा घट्ट ग्रुप होता. आता एक टोरांटोला शिकतेय, एक लग्न होऊन पुण्याला गेली, दोघं बंगळुरात आहेत. मी इथेच नोकरी करते. व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, पण चालवते मी एकटीच. वाढदिवस मीच लक्षात ठेवायचे, भेटायचं मीच ठरवायचं. नवरात्रात सगळ्यांनी बडोद्याला यायचं ठरलं होतं, गरब्याचे पास काढायच्या वेळी एकेक जण गळाला. टोरांटोवाली डिसेंबरात येऊन गेली, ते मला इन्स्टावर कळलं! ग्रुपचा फोटो आमच्या पदवीदानाचा आहे, पाचही जण हातात डिग्री घेऊन (निनाद त्यात नाही, फोटो त्यानेच काढलाय). दरवर्षी त्या तारखेला मी तो परत टाकते. यंदा त्यावर एकट्या निनादने अंगठा दिला, बाकी सगळे चिडीचूप. निनादचं काय, तो इथेच मकरपुऱ्याला असतो, पुरात आमच्याकडे येऊनही गेला होता. मावशी, एवढं करून कुणाला किंमत नसेल तर ग्रुप सोडून द्यावा, की एकदा सगळ्यांना चांगलं सुनवावं?

— सगळं एकटीनेच करणारी, बडोदा

अगं सगळं एकटीनेच करणारे,

टोरांटो, पुणे आणि बंगळूर यांच्याबद्दलची तुझी तक्रार वाचली आणि बाजूला ठेवली. तू रात्री दहाला जेवणं आटोपून मेसेज टाकतेस, तेव्हा टोरांटोत उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. ती पोरगी वर्गात असेल, नाहीतर कुठल्या तरी काउंटरवर उभी असेल. पुणेकरणीच्या सासरी घट बसत असतील, तर नवी सून घट टाकून गरब्याला येईल असं कसं धरून चाललीस? बंगळुरातले दोघं आळशी असतील, असू देत. डिसेंबरात ती न भेटता गेली हे मात्र वाईटच केलं. तिला एका ओळीत तसं कळव आणि विषय संपव.

मला बोलायचंय ते तू कंसात टाकलेल्या माणसाबद्दल. (नाव मी बदललंय.)

फोटो काढणारा फोटोत नाही, हे तू इतक्या सहज लिहून गेलीस की आधी माझीही नजर त्यावरून घसरली. मग वाटलं, पदवीदानाच्या दिवशी आवारात सगळ्यांचे आईबाप फोन घेऊन हिंडत असतात. त्यांतल्या कुणाच्याही हातात फोन देऊन सहाच्या सहा जणांना उभं राहता आलं असतं. मग पाचच का राहिले? म्हणून तुला मेल केली आणि दोन प्रश्न विचारले. निनाद बाहेर का होता, आणि पुरात तो तुमच्याकडे कशाला आला होता. तुझं उत्तर आलं तेही घाईघाईतलंच. ‘त्याचा शेवटच्या वर्षाचा एक पेपर राहिला होता. नंतर सुटला असेल. मी विचारलं नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून.’

सुटला असेल? तुला ठाऊकच नाही! चार वर्षं एका बाकावर बसलात, एकमेकांच्या जर्नल उतरवल्यात, त्यानंतरही इतकी वर्षं तो तुझ्याच गावात आहे, आणि त्याचा पेपर सुटला की नाही हे तुला माहीत नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही, हे मी मानत नाही. विचारल्यावर तो ‘नाही’ म्हणाला असता तर पुढे काय बोलावं हे तुला सुचलं नसतं, म्हणून तू विचारलं नाहीस.

इंजिनिअरिंगला एटीकेटी लागली, एखादा पेपर मागे राहिला, म्हणजे घराण्याला बट्टा लागला असं नव्हे. माझ्याकडे पत्रं येतात त्यांतल्या निम्म्या इंजिनिअरांनी ती चाखलेली असते. पण बाकी पाचही जण एकदम पास होऊन सुटतात आणि एकटा मागे राहतो, तेव्हा ती टोचते. तरी त्या दिवशी तो आला. घरी बसून राहिला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. आला, तुम्हा पाच जणांना ओळीत उभं केलं, ‘जरा जवळ या’ म्हणाला असेल, आणि फोटो काढला. कलाभवनाचं कॅमेऱ्याशी नातं जुनं आहे म्हणा. सयाजीरावांनी ते १८९० साली सुरू केलं आणि दादासाहेब फाळके तिथे फोटोग्राफी शिकले. पण निनाद काही ती परंपरा चालवायला कॅमेऱ्यामागे गेला नव्हता.

आणि तू काय करतेस, तर तोच फोटो ग्रुपच्या कपाळावर लावून ठेवतेस आणि दरवर्षी तारीख गाठून परत टाकतेस. यंदा फोटोतल्या कुणालाही त्यावर बोट टेकवावंसं वाटलं नाही. ज्याच्या हातात त्या दिवशी कागद नव्हता, त्याने टेकवलं. अंगठा देण्याआधी तो किती वेळ त्या फोटोकडे बघत बसला असेल? तू मात्र तो अंगठा मोजलास आणि बाकीच्यांच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून मला पाठवून दिलास. तुझी मैत्री म्हणजे वर्गातली हजेरी झालीय गं. कोण आलं, कोण नाही, एवढंच बघतेस. जो रोज ‘हजर’ म्हणतोय त्याच्याकडे मान वर करून बघायची तुला गरज वाटत नाही.

आता पुराचं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा वस्त्यांतून मगरी पकडून नेल्याची चित्रं आम्ही इथे बसून बघत होतो आणि बडोद्याच्या नातेवाइकांना फोन लावत होतो. तुझ्या मेलमध्ये तू लिहिलंस की पाणी चढायच्या आदल्या रात्री निनाद मकरपुऱ्याहून आला आणि तुझ्या बाबांबरोबर इन्व्हर्टर, बॅटरी, शिलाई मशीन सगळं वरच्या मजल्यावर चढवलं. पाणी ओसरल्यावर परत आला. तुमच्या टाकीची मोटर खोलली, गाळ धुऊन काढला, आतलं तारेचं वाइंडिंग उन्हात वाळवलं. तुझे बाबा ‘लाव रे आता, पाणी नाही घरात’ म्हणून मागे लागले होते, तरी मेगर, म्हणजे ओल राहिली का ते तपासायचं मीटर, लावून खात्री करेपर्यंत त्याने बटणाला हात लावू दिला नाही. ओल्या वाइंडिंगला करंट दिला की मोटर जळते, हे तो तुझ्या बाबांना समजावत होता. तू हे मला गंमत म्हणून लिहिलंस. अगं, पुस्तकातलं इलेक्ट्रिकल तुमच्या घरी त्या दिवशी कुणी वापरलं? आणि त्या वेळी हातात पदवी असलेली इंजिनिअर कुठे होती? तूच लिहिलंयस, गाळ उपसत होतीस आणि मधूनमधून ग्रुपवर ‘वी आर सेफ’ टाकत होतीस. त्यावर बंगळुरातून एक हृदय आलं, ते तुला तारखेसकट आठवतंय.

तेव्हा ग्रुप सोडायचा की सुनवायचं, यातलं काहीही आत्ता करायचं नाही. येत्या शनिवारी संध्याकाळी स्कूटी काढायची आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, त्याच्या वर्कशॉपवर जायचं. एकटीने. ग्रुपवर आधी सांगायचं नाही, नंतरही सांगायचं नाही, सेल्फी तर अजिबात काढायची नाही. काम सुटेपर्यंत बाहेर थांब, मग त्याला घेऊन सेव-उसळ खायला जा. बडोद्यात त्यासाठी जागा मी सांगायला नको. पहिली प्लेट संपायच्या आत विचारायचं, ‘तुझा तो पेपर सुटला का रे?’ गोल गोल फिरू नकोस. ‘तुला वाईट नाही ना वाटणार’ अशी प्रस्तावनाही नको.

सुटला म्हणाला तर कधी सुटला ते विचार आणि तुला कळवलं का नाही म्हणून खुशाल भांड. नाही सुटला म्हणाला तर लगेच ‘अरे, डिग्रीने काय होतं’ असं म्हणू नकोस. ज्याच्या घरात डिग्री फ्रेम करून लावलेली असते त्याच्या तोंडून ते फार वाईट ऐकू येतं. कुठला विषय होता, कोणी शिकवायचं, परत बसायचंय का, एवढं विचार. बसायचं असेल तर तुझ्या नोट्स माळ्यावर असतीलच. पुरात माळ्यावरचं सगळं वाचलं असं तूच लिहिलंयस, आणि तिथे सामान चढवलं कुणी हेही लिहिलंयस.

मुलाच्या वर्कशॉपवर एकटी गेलीस तर घरी काय म्हणतील अशी शंका काढशील. तुझ्या बाबांना विचार. ते स्वतः स्कूटीत पेट्रोल भरून देतील.

तो फोटो पुढच्या वर्षी टाकायचा नाही, हे वेगळं सांगत नाही.

आणि एक राहिलंच. त्या मोटरच्या कामाचे पैसे तुम्ही त्याला दिले होते का? तुझ्या मेलमध्ये त्याबद्दल काही नाही. दिले नसतील तर जाताना पाकीट घेऊन जा. तो घेणार नाही, तेव्हा त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या हातात दे.

— मावशी