शेकड्यांनी लीड येतात, प्रवेश होत नाहीत: जाहिरातीचा खर्च वाढवण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारं छोटं ऑफिस आहे, फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिराती चालू आहेत, दर महिन्याला शेकड्यांनी लीड (म्हणजे चौकशीसाठी नाव-नंबर देणारी मुलं) येतात, निम्मी मुलं फोनच उचलत नाहीत आणि प्रवेश बोटांवर मोजण्याइतके होतात. आता जाहिरातीचा खर्च दुप्पट करावा की रील्स करायला माणूस नेमावा?

बरीच वर्षं मी हेच काम करतेय, म्हणून स्पष्ट सांगते: आत्ता दोन्ही नको. तुमच्यापर्यंत पोचलेल्या मुलाला उत्तर काय मिळतं, कधी मिळतं आणि ते देतं कोण, हे आधी तपासा. गळती तिथे आहे.

फॉर्मपासून सुरुवात करू. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या, लीड फॉर्ममध्ये नाव, फोन आणि ईमेल बहुतेक वेळा आपोआप भरलेले येतात. मुलगा रिकाम्या वेळात फोन चाळत असतो, दोनदा बोट लावतो, झालं. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन जातो तेव्हा आपण कुठे काय भरलं ते त्याला खरोखरच आठवत नसतं. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. हा फॉर्म बनवताना जास्त संख्येसाठीचा एक आणि खरोखर इच्छुक असलेल्यांसाठीचा एक असे प्रकार निवडता येतात. दुसऱ्या प्रकारात पाठवण्याआधी भरलेली माहिती एकदा नजरेखालून घालावी लागते. तोच घ्या. शिवाय हाताने लिहावी लागतील अशी दोन-तीन उत्तरं मागा: शेवटची परीक्षा कोणती आणि कधी दिली, कोणत्या इनटेकचा, म्हणजे प्रवेशाच्या सत्राचा, विचार आहे, खर्च कोण करणार. लीड झपाट्याने कमी होतील आणि ऑफिसात कुरकुर होईल. होऊ द्या. उरलेल्या मुलांशी नीट बोलायला तुमच्या माणसांना वेळ मिळेल.

आता काय टाकायचं ते. मी एक वही ठेवते. मुलं जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत तिच्यात उतरवते. 'मॅडम, दोन वर्षांची गॅप आहे, चालेल का?' 'बाबांच्या खात्यात पैसे गेल्याच महिन्यात आलेत, प्रॉब्लेम होईल का?' 'आयईएलटीएसमध्ये रायटिंगला साडेपाच, बाकी सगळीकडे सात, आता?' एका प्रश्नाला एक व्हिडिओ, बस. या शेवटच्या प्रश्नाचंच बघा. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, आणि तिच्यातले गुण म्हणजे बँड. पुष्कळ विद्यापीठं एकूण बँडबरोबर प्रत्येक विभागातही किमान बँड मागतात, त्यामुळे एकूण चांगले असूनही मुलगा अडकतो. जिथे सोय आहे तिथे संगणकावर दिलेल्या परीक्षेनंतर 60 दिवसांच्या आत फक्त एका विभागाची परीक्षा पुन्हा देता येते. पण सगळी विद्यापीठं आणि सगळे देश तो निकाल धरत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी त्या विद्यापीठाला ईमेल करून विचारायचं. एवढंच सांगणारा दीड मिनिटाचा व्हिडिओ करा. बघणारे थोडे असतील, पण जो शेवटपर्यंत बघेल तो नेमका तुमच्या कामाचा मुलगा असेल. विमानतळावरच्या रीलला लाइक भरपूर मिळतात, मान्य. त्या लाइकमधून ऑफिसात कोण आलं ते मोजून बघा.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे जरा लांबण लागेल. प्रत्येक पोस्टवर तारीख हवी, आणि ती कॅप्शनमध्ये नाही, चित्रावरच छापलेली हवी. आमच्या ऑफिसने एकदा कॅनडाच्या स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीमवर, म्हणजे विद्यार्थ्यांचे अर्ज लवकर निकाली काढणाऱ्या योजनेवर, छान पोस्ट केली होती, बहुतेक अर्जांचे निकाल 20 दिवसांत लागतात असं सांगणारी. तेव्हा ते बरोबर होतं. 8 नोव्हेंबर 2024 ला ती योजना बंद झाली. आम्ही नवी पोस्ट टाकली आणि जुनी काढायची राहिली. तिचा स्क्रीनशॉट हातोहात फिरत राहिला. काही महिन्यांनी एक मुलगी तोच दाखवत आली. त्या 20 दिवसांच्या भरवशावर तिने दुसऱ्या देशाची ऑफर सोडून दिली होती. तिचं सहा महिन्यांचं नुकसान झालं आणि चूक आमची होती. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही जुन्या पोस्टी चाळतो. नियम बदलला असेल तर पोस्ट उडवतो किंवा तिच्यावर ठळक लिहितो.

नियम किती भराभर बदलतात बघा. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाची फी 1 जुलै 2024 ला 710 ऑस्ट्रेलियन डॉलरवरून 1600 झाली आणि बरोबर एका वर्षाने 2000. कॅनडासाठी दाखवायची राहण्या-खाण्याच्या खर्चाची रक्कम वर्षानुवर्षं 10,000 कॅनेडियन डॉलर होती. 1 जानेवारी 2024 पासून ती 20,635 झाली आणि 1 सप्टेंबर 2025 पासून 22,895. ब्रिटनमध्ये तर आणखी बारकावा आहे. पदवी आणि मास्टर्सनंतर ग्रॅज्युएट रूटवर (शिक्षण संपल्यावर तिथे राहून काम करायच्या व्हिसावर) दोन वर्षं राहता येतं, हे वाक्य हजारो व्हिडिओंमध्ये आहे. पण 1 जानेवारी 2027 पासून जो अर्ज करेल त्याला 18 महिनेच मिळणार. म्हणजे सप्टेंबर 2026 ला एका वर्षाच्या मास्टर्सला जाणारा मुलगा 'दोन वर्षं' ऐकून कर्ज काढेल आणि त्याच्या हातात दीडच वर्ष पडेल. हा फरक जाण्याआधी त्याला आपण सांगायचा. आपण नाही सांगितला तर दुसरं कोण सांगणार?

व्हॉट्सॲपबद्दल थोडं. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि आठवड्याभरात कुणीतरी तिथल्या मुलांना परस्पर फोन लावायला लागतो. मुलींना याचा जास्त त्रास होतो. घोषणांसाठी चॅनेल वापरा, तिथे फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्टमधला, म्हणजे एकदम अनेकांना वेगवेगळा जाणारा, निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, तेव्हा पहिल्या फोनमध्येच नंबर सेव्ह करायला सांगा. पुढे व्हॉट्सॲपची बिझनेस एपीआय (कंपन्यांसाठीची मेसेज पाठवायची सेवा) घेतलीत तर मुलाच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तास मोकळेपणाने लिहिता येतं. त्यानंतर व्हॉट्सॲपकडून आधी मंजूर करून घेतलेले मेसेजचे साचेच पाठवता येतात. म्हणून रात्री अकराला आलेला प्रश्न सकाळी कुणी बघायचा ते नावानिशी ठरवा. बॉट ठेवलात तर त्याला तारखा आणि कागदपत्रांची यादी सांगू द्या. 'माझा व्हिसा नाकारला' असा मेसेज आला की माणसानेच फोन करायचा, आणि त्याच दिवशी.

व्हिडिओ कॉलचं एक सांगते. एका मुलाशी कॉल चालू होता. खर्चाचा विषय निघाला की तो बोलण्याआधी डावीकडे बघायचा. स्क्रीनच्या कडेला कुणाचं तरी कोपर दिसत होतं, टेबलावर टेकवलेलं. मी म्हटलं, 'काका, तुम्हीही समोर येऊन बसता का?' वडील खुर्ची ओढून आले. पुढची चाळीस मिनिटं तेच बोलले: कर्ज किती, हप्ता कधी सुरू, मुलाला काम नाही लागलं तर काय. शेवटी आम्ही तिघांनी मिळून ते वर्ष थांबायचं ठरवलं. ऑफिसच्या तक्त्यात तो लीड 'गेला' म्हणून नोंदला गेला. पुढच्या वर्षी तो स्वतःहून आला आणि बहिणीलाही घेऊन आला. तेव्हापासून पहिल्या कॉलचं निमंत्रण मी पालकांसह पाठवते.

कमिशनची गोष्टही लपवू नका. कोणत्या विद्यापीठाकडून आपल्याला पैसे मिळतात आणि कोणत्याकडून नाही, ते प्रोफाइलवर लिहा. 2012 मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड यांनी लंडन स्टेटमेंट नावाने एजंटांच्या नीतीची तत्त्वं मान्य केली, त्यात पारदर्शकपणा आहेच. 'शंभर टक्के व्हिसा' असं कुठेही लिहू नका. निर्णय त्या देशाचा अधिकारी घेतो, आपण नाही.

व्हिसा मिळाल्यावर पासपोर्टचं पान उघडून काढलेले फोटो टाकायची पद्धत बंद करा. नंबर, जन्मतारीख, खालच्या दोन ओळी, सगळं वाचता येतं. फोटो हवाच तर बंद पासपोर्टचा, आणि तोही मुलाने लेखी हो म्हटल्यावर. काढून टाका म्हणाला तर त्याच दिवशी काढा. पासपोर्ट आणि बँकेची कागदपत्रं कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर मागवू नका. नोकरी सोडताना तो फोन त्यांच्याबरोबर जातो.

अमेरिकेला जाणाऱ्यांना तर डिजिटल माध्यमांबद्दल वेगळा सल्ला लागतो. व्हिसाच्या डीएस-160 अर्जात मागच्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची खाती लिहावी लागतात, आणि जून 2025 पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना ती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. घाबरवू नका, पण विसरलेलं जुनं खातं राहू नये म्हणून यादी अर्जाच्या आधीच करायला लावा.

राहिला हिशेब. लीडमागे किती खर्च झाला हा आकडा बाजूला ठेवा. मुलगा डिपॉझिट भरतो त्या दिवशी त्याला विचारा, 'आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं, आणि यायचं कशामुळे ठरवलं?' दोन्ही उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. एक इनटेक हे केलंत की पैसा जाहिरातीत घालायचा की आणखी एका समुपदेशकाच्या पगारात, ते तुमचं तुम्हाला दिसेल. तोवर सध्याच्या फॉर्ममधले प्रश्न इथे लिहा, कोणते ठेवायचे नि कोणते काढायचे ते मी सांगते.