पुण्यात दिवाळीनंतर बटाटे लावले तर थंडीत निघतील का?

निघतील की. फक्त नोव्हेंबरची २० तारीख उलटू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला टेरेस आहे, दिवाळीच्या गडबडीत लावायचं राहून गेलं, घरात मोड आलेले बटाटे पडलेत आणि कुठल्यातरी विलायती व्हिडिओत ख्रिसमसला मातीतून ताजे बटाटे काढताना बघितलं म्हणून तसंच करायचंय. तो व्हिडिओ आधी बाजूला ठेवा. इंग्लंडात लोक उशिराचं पीक ऑगस्टमध्ये लावतात कारण त्यांना हिमाची भीती, पाला जळायच्या आत बटाटा पोसायला हवा, आणि पाला गेला तरी माती थंडगार असते म्हणून बटाटे तसेच आत ठेवून लागतील तसे उकरतात. आपल्याकडे सगळं उलटं. आपल्या बटाट्याला थंडी मारत नाही, शेवटी शेवटी येणारं ऊन मारतं. म्हणून हिशोब मागून करायचा, फेब्रुवारी संपता संपता पीक बाहेर पाहिजे, त्यातून ९० दिवस वजा केले की नोव्हेंबरची अखेर येते, आणि टेरेसवर स्लॅब आणि बॅगा दोन्ही तापतात म्हणून अजून आठ-दहा दिवस मागे या.

बटाटा धरतो तो रात्रीच्या गारव्यावर. रात्री २० डिग्रीच्या खाली जायला लागल्या की गाठी धरतात, आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीत तर पारा १०-१२ पर्यंत उतरतो, म्हणजे पोसायचा काळ तोच. लावल्यावर साधारण महिन्याभराने गाठी धरतात, तिथून पुढचा महिना-दीड महिना थंडीत सापडला पाहिजे. डिसेंबर अखेरीला लावलेत तर झाड वर मस्त हिरवंगार दिसेल आणि खाली सुपारीएवढे बटाटे.

आता बेणं, खरी मेख इथेच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मंडईत नवा बटाटा येतो ना, अंगठ्याने साल निघते तो, तो लावायला घेऊ नका. आमच्या मामांचं शेत मंचरच्या बाजूला, तिकडे सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा लावतात आणि तो या सुमारास बाजारात येतो. नुकता काढलेला बटाटा दोन-अडीच महिने झोपलेला असतो, मातीत घालून रोज पाणी दिलंत तरी कोंब काढणार नाही, उलट कुजेल. जुना, स्वतःहून कोंब फुटलेला हवा, म्हणजे तुमच्या टोपलीतला चालेल, त्याच्यात आधीच रोग नसेल याची गॅरंटी तेवढी कोणी देणार नाही. मंचरला व्यापाऱ्यांकडे पंजाबचं बेणं येतं, पण दोन किलो सुटं देतील का ते दुकानदाराच्या मूडवर. मिळालंच तर ‘कुफरी पुखराज’ किंवा ‘कुफरी लवकर’ या जाती मागा, कमी दिवसांत येतात. ‘कुफरी ज्योती’ला जरा जास्त दिवस लागतात, तुमच्याकडे तेवढे नाहीयेत.

कोंब नीट बघून घ्या. अंधारात आलेला पांढराफटक, लांबुडका असतो आणि हात लागला की मोडतो. तोच बटाटा उजेडात पण थेट ऊन न लागेल असा अंड्याच्या ट्रेमध्ये आठवडाभर ठेवला की कोंब आखूड, जाडसर, जांभळट येतो आणि त्याच्या बुडाशी बारीक पुटकुळ्या दिसतात, मुळ्या तिथूनच फुटतात. असा कोंब सेंटीमीटरभर झाला की लावा. ४०-५० ग्रॅमचा अख्खाच लावा. शेतात कापून लावतात हे खरंय, पण तापलेल्या बॅगेत कापलेली फोड सडायचीच शक्यता जास्त.

१५ इंची ग्रो बॅग, एका बॅगेत दोन बटाटे, बॅग अर्धीच भरा. मागच्या सीझनला टोमॅटो, वांगी, मिरची होती ती माती अजिबात नको, सगळे एकाच खानदानातले, रोगही तेच. राख घालू नका, कोणी कितीही सांगू दे. आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, राखेने अजून वाढते आणि सालीवर खरबरीत खवले येतात. कच्चं शेणही नको, चांगलं कुजलेलं खत घाला.

झाड वीतभर झालं की मातीची भर लावा, नंतर अजून एकदा. लोक याचा कंटाळा करतात. पण उघडा पडलेला बटाटा उन्हाने हिरवा होतो, शिवाय बॅग वाळली की माती कडेपासून सुटते, त्या फटीतून बारकी करडी पाकोळी आत शिरते आणि बटाट्याच्या डोळ्यापाशी अंडी घालते, अळी मग आतून पोखरत जाते. म्हणून पाणी असं द्या की फट पडणार नाही आणि चिखलही होणार नाही.

डिसेंबरात दोन-तीन दिवस ढगाळ आलं की पानं उलटून बघा. ओलसर काळपट डाग आणि मागे सकाळी पांढरी बुरशी दिसली तर करपा, ती पानं तोडून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम घेऊन फवारतात, पण ते करपा येण्याआधी, आल्यावर फारसा उपयोग नसतो.

पाला पिवळा पडायला लागला की पाणी बंद, आठवड्याने पाला जमिनीलगत कापा आणि अजून दहा दिवस बटाटे आतच राहू द्या. साल पक्की होते. एक उकरून अंगठा घासून बघा, साल सरकली तर थांबा. झाडामागे अर्धा किलो निघाला तरी खूश व्हा. धुऊ नका, माती झटकून अंधारात ठेवा, हिरवे झालेले खाऊ नका. आणि टेरेसला ऊन सकाळचं की पश्चिमेचं ते लिहिलं नाहीत, पश्चिमेचं असेल तर फेब्रुवारीत दुपारपुरती ग्रीन नेट टाका.