सेटिंगची फाइल कशात लिहू?

प्रश्न : आम्ही दोघं मित्र मालवणातल्या होमस्टेवाल्यांसाठी पायथनमध्ये बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवतोय. खोल्यांचे रेट, चेक-इनची वेळ, सीझन कधी बंद, सगळं एका कॉन्फिग फाइलमध्ये ठेवायचंय आणि मालकांना ती नोटपॅडमध्ये उघडून स्वतः बदलता यायला हवी. अशी फाइल लिहायच्या पद्धतींपैकी मित्र म्हणतो जेसन (JSON), मला यॅमल (YAML) दिसायला साफ वाटतं. काय घेऊ?
— एक वाचक, मालवण

उत्तर : दोन्ही नको, टॉमल (TOML) घ्या, तीही सेटिंग लिहायची अशीच एक पद्धत.

जेसन वाईट नाही हो, पण ते दोन प्रोग्रामांनी आपसात बोलायला बरं. त्यात कॉमेंट टाकता येत नाही, म्हणजे ‘मे महिन्याचे रेट इथे बदला’ एवढंसुद्धा मालकासाठी लिहून ठेवता येत नाही, आणि शेवटी एक स्वल्पविराम जास्तीचा राहिला की फाइल वाचलीच जात नाही. होमस्टेचे मालक काका दुपारी पाहुण्यांची पानं वाढता वाढता मध्येच रेट बदलणार, तिथे कंस कोण मोजत बसणार!

यॅमलचं दुखणं वेगळं, ते बऱ्याचदा ओरडतच नाही, गुपचूप अर्थ बदलतं. त्याची १.२ आवृत्ती २००९ सालीच आली पण पायथनवाले सर्रास वापरतात ती पायवायएमएल लायब्ररी अजून १.१ चेच नियम पाळते. त्यात चेक-इन इंग्रजी आकड्यांत ११:०० लिहिलं आणि अवतरणचिन्हं राहिली की तुमच्या प्रोग्रामच्या हातात येतात ६६०, कारण ते ६० च्या पटीत मोजतं, ११ गुणिले ६०. रत्नागिरीचा एसटीडी कोड ०२३५२ तसाच टाकलात तर सुरुवातीच्या शून्यामुळे तो ऑक्टल, म्हणजे आठच्या पटीत मोजलेला आकडा, धरला जातो आणि होतो १२५८, आता लावा फोन! शिवाय इंडेंटला, म्हणजे ओळ आत सरकवायला, टॅब चालत नाही आणि नोटपॅडमध्ये माणूस आधी टॅबच दाबतो.

टॉमलमध्ये तोच कोड अवतरणाशिवाय लिहिला तर सरळ एरर येते, कुठल्या ओळीत तेही कळतं. मला हेच जास्त आवडतं, चुकीचा रेट पाहुण्याला जाण्यापेक्षा प्रोग्राम अडलेला परवडला. तारीख आणि वेळ हे त्यात वेगळे प्रकारच आहेत, म्हणजे पावसाळ्यात बंद ठेवायच्या तारखा थेट लिहा, वेळ मात्र सेकंदांसकट, ११:००:०० अशी. मराठी व्हॅल्यू चालतात, पण ‘की’ (key), म्हणजे सेटिंगचं नाव, मराठीत ठेवायची तर ती अवतरणात. पायथन ३.११ पासून टॉमल वाचणारं टॉमललिब आतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल नको, फक्त फाइल बायनरी मोडमध्ये उघडा. ते नुसतं वाचतं, लिहीत नाही, पुढे स्क्रीनवरून सेटिंग बदलायची सोय द्याल तेव्हा टॉमलकिट ही लायब्ररी घ्या, त्यात मालकाच्या कॉमेंट जागच्या जागी राहतात. खूप आत आत जाणारी रचना असेल तर टॉमल कंटाळवाणं होतं हे खरं, पण चार खोल्यांच्या होमस्टेला तेवढी खोली लागतच नाही.

आयएनआय (INI) या जुन्या साध्या पद्धतीचा विचार आला असेल तर सोडा, पायथनमध्ये त्यातलं सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणूनच येतं.

आणि पेमेंट गेटवेची सीक्रेट की या फाइलमध्ये अजिबात टाकू नका, ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे फाइलबाहेर कॉम्प्युटरच्या सिस्टिममध्ये, ठेवा, कारण काका ही फाइल शेजारच्या होमस्टेवाल्याला नमुना म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवणारच.