पोरीला मिरगीवरचं औषध शोधायचंय

आर्णी तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका वडिलांचं पत्र:

"सर, माही पोरगी बारावी सायन्सले आहे, बायोलॉजी घेऊन. तिच्या लहान भावाले मिरगी आहे. गोळ्या चालू आहेत, तरी महिन्यातून एकदोनदा झटका येतेच. इकडचे एक वैद्यबुवा जंगलातली मुळी उगाळून देतात. पोरगी म्हणते, त्या मुळीत खरंच काही असन तर मी शोधून काढीन, औषध बनवीन. नीटमध्ये एम.बी.बी.एस.पुरते मार्क पडतील असं वाटत नाही. बी.ए.एम.एस. करावं, बी.फार्म. करावं, का एक वर्ष थांबून पुन्हा नीट द्यावी? आन् अशा संशोधनात पोट भरते का?"

भाऊ, आधी मुलाचं बोलू. मुळी सुरू झाल्यावर गोळ्या कमी केल्या का, ते तुम्ही लिहिलं नाही. केल्या असतील तर आजच डॉक्टरांना गाठा. मिरगीची गोळी अचानक बंद झाली तर झटक्यामागून झटके येऊ शकतात आणि जिवावर बेतू शकतं. डॉक्टर रागावतील म्हणून मुळीची गोष्ट लपवू नका. 1992 साली मुंबईतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. फेनिटॉइन हे मिरगीवरचं औषध घेणाऱ्या रुग्णांनी सोबत शंखपुष्पीचं आयुर्वेदिक औषध सुरू केलं आणि आटोक्यात आलेले झटके पुन्हा येऊ लागले. उंदरांवर तपासलं तेव्हा रक्तातलं फेनिटॉइन घटलेलं आढळलं. मिऱ्यातलं पायपरीन याच्या उलट वागतं, ते फेनिटॉइनची पातळी वाढवतं. म्हणजे झाडपाल्यात जोर असतोच, पण तो कोणत्या बाजूला ओढेल ते पाहून कळत नाही.

दुसरं असं, की दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबत नसतील तर मुलाला मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवायला हवं. नागपूरच्या सुपर स्पेशालिटीला किंवा एम्सला घेऊन जा. झटका येताना कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तो सोबत न्या; डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा त्यातून जास्त कळेल.

आता मुलीकडे. तिनं धरलेला प्रश्न खरा आहे. मिरगीवर आज पंचवीसहून जास्त औषधं आहेत, तरी साधारण एक तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी पुरते थांबत नाहीत. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे. त्यामुळे नवीन औषध हवंच आहे, आणि वनस्पतींत शोधणं हे काही खुळ नाही. गांजाच्या झाडातला कॅनाबिडिऑल हा घटक शुद्ध करून बनवलेल्या औषधाला अमेरिकेत 2018 साली मान्यता मिळाली. हा घटक नशा आणत नाही. ड्रावे सिंड्रोम या लहानपणी सुरू होणाऱ्या अवघड मिरगीच्या 120 रुग्णांवरच्या चाचणीत औषध घेणाऱ्या गटात मोठ्या झटक्यांची महिन्याची मध्यक संख्या 12.4 वरून 5.9 वर आली. औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही घेणाऱ्या गटात 14.9 वरून 14.1. रुग्णांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. (गांजा मिरगीवर चालतो, असं यावरून कुणी पारावर सांगू लागला तर ऐकू नका. शुद्ध केलेला, मोजून दिलेला एक घटक वेगळा आणि चिलीम वेगळी.)

पण या कामाचा खरा स्वभाव मुलीला कळावा म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. व्हॅल्प्रोएट हे औषध तुम्ही ऐकलं असेल, कदाचित मुलाला चालूही असेल. व्हॅलेरियन नावाच्या वनस्पतीत एक आम्ल असतं, त्याच्याशी नातं असलेलं हे रसायन 1882 मध्येच प्रयोगशाळेत बनलं होतं. पुढं ऐंशी वर्षं ते नुसतं द्रावक म्हणून, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवायला, वापरलं गेलं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ग्रनोबल इथं पिएर एमार नावाचा तरुण संशोधक खेलिन या वनस्पतिजन्य पदार्थापासून बनवलेली संयुगं तपासत होता. ती पाण्यात विरघळेनात, म्हणून या द्रावकात विरघळवली. प्राण्यांवर पाहतात तर झटके थांबताहेत. मग लक्षात आलं की संयुगं कोणतीही असोत, गुण द्रावकाचाच आहे. 1967 साली ते औषध म्हणून फ्रान्समध्ये आलं.

वैद्यबुवांच्या मुळीचं असंच होऊ शकतं. गुण मुळीचा, की ज्यात उगाळली त्याचा, की त्या आठवड्यात गोळ्या वेळेवर गेल्या त्याचा? हे वेगळं करायची जिच्यात चिकाटी, तिचं हे क्षेत्र. वनस्पती नेमकी कोणती ते पक्कं करायचं, तिचा वाळवलेला नमुना जपायचा, अर्क काढायचा, त्यातले घटक क्रोमॅटोग्राफीनं सुटे करायचे, एकेकाची रचना ओळखायची. मग झेब्राफिश या इवल्या माशाच्या पिल्लांना रसायनानं झटके आणून घटक ते थांबवतो का, ते बघायचं. त्यानंतर उंदीर. शिवाय घटक रक्तातून मेंदूत पोचायला हवा, यकृताला बाधायला नको. यातून पार पडून माणसांवरच्या चाचण्या आणि मान्यता यात दहा-पंधरा वर्षं सहज जातात आणि बहुतेक घटक वाटेतच गळतात. गंमत म्हणजे झटके आणायलाही वनस्पतीच कामी येते: काकमारीच्या बियांतलं पिक्रोटॉक्सिन मेंदूला आवर घालणारा संदेश अडवतं. आणि आपल्याकडच्या काजऱ्याची, म्हणजे कुचल्याची, बी पोटात गेली तर काय होतं हे तुमच्या वैद्यबुवांनाही ठाऊक असेल. जंगलातलं म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत तिच्या डोक्यातून आधी काढा.

एक नाजूक गोष्ट. ती हे भावासाठी करतेय. तिचं औषध त्याच्या उपयोगी पडेलच असं कुणी तिला म्हणू नका. ते ओझं विशी-बाविशीच्या पोरीला पेलत नाही, आणि एक प्रयोग फसला की ती शास्त्रच सोडून बसेल.

माझं मत स्पष्ट आहे: तिनं बी.फार्म. करावं, नीटसाठी वर्ष घालवू नका. जे करायचंय त्याला एम.बी.बी.एस. लागतच नाही. बी.ए.एम.एस. वाईट नाही, त्यातून पुढं द्रव्यगुण (आयुर्वेदातला औषधी द्रव्यांचा अभ्यास) विषयात एम.डी. करता येतं. पण ती पदवी मुळात रुग्ण तपासण्याची आहे आणि तुमच्या पत्रातली मुलगी मला वैद्यापेक्षा रसायनाच्या टेबलाजवळ दिसते. बी.फार्म.मध्ये वनस्पतिजन्य औषधं आणि औषधांचा शरीरावरचा परिणाम, असे दोन्ही विषय येतात. त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते, बायोलॉजी ग्रुप चालतो. अमरावतीचं शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आणि नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग, ही दोन नावं पसंतीक्रमात वर ठेवा. गावाजवळ नवीन कॉलेज निघालंय म्हणून तिथंच नको; प्रयोगशाळेत मुलं खरंच हात घालतात का, ते आधी जाऊन बघा.

चौथ्या वर्षी जीपॅट, म्हणजे एम.फार्म.साठीची देशपातळीवरची परीक्षा, द्यायची. ती पास झाली की नायपर या औषधनिर्माणशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थांची प्रवेश परीक्षा देता येते. मोहालीच्या नायपरमध्ये नैसर्गिक पदार्थांवर वेगळा विभाग आहे. जीपॅट पास होऊन एम.फार्म. केलं तर महिना 12,400 रुपये शिष्यवृत्ती मिळते. पुढं पीएच.डी.ला राष्ट्रीय फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि वर घरभाडं. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी हेच काम चालतं. आणि पोट? भाऊ, संशोधनात पक्की नोकरी उशिरा लागते, तिशीच्या आसपास. म्हणूनच बी.फार्म. म्हणतो. मध्येच थांबावं लागलं तरी औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोल, सरकारी फार्मासिस्ट, औषध निरीक्षकाची परीक्षा, नाहीतर स्वतःचं मेडिकल, हे सगळं उघडं राहतं. नुसत्या बी.एस्सी.ला ही सगळी सोय नाही.

वैद्यबुवांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांचं ज्ञान त्यांचं आहे. 2002च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. मुलीनं ती आहे का ते विचारावं आणि बुवांची हरकत नसेल तर मुळीची नोंद करून घ्यावी: स्थानिक नाव, कुठं उगवते, कोणत्या महिन्यात काढतात. उद्या कुणी कंपनी आली तर गावाचा हक्क सांगायला कागद लागतो. नमुना ओळखायला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात विचारता येईल.

शेवटी फीचं. 2024-25 पासून आपल्या राज्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण व परीक्षा फी सरकार भरतं. पण प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल आणि लागू असेल तर जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर आत्तापासूनच काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते, आणि नेमकी तेव्हाच तुमची पेरणीची घाई असते.