परसात आठ गावठी कोंबड्यांसाठी खुराडं कसं बांधावं? रेडीमेड पिंजरा चालेल का?

तुम्ही चिपळूणजवळ राहता म्हणताय, म्हणजे पाऊस आणि दमट हवा आमच्यासारखीच (आम्ही गुहागरकडचे), त्यामुळे इकडचंच सांगतो. रेडीमेड घेऊ नका, गावातल्या सुताराकडून बांधून घ्या. रेडीमेडला बहुतेक ती षटकोनी चिकन जाळी असते, ती कोंबड्या बाहेर पळू नयेत एवढ्यापुरतीच, कुत्रा नीट लागला तर सहज फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्ड केलेली जाड तारेची चौकोनी जाळी) घ्या, महाग पडते पण पैसे वाचवायची जागा ही नव्हेच.

आधी कोण कधी येतं ते बघा कारण त्यावरच सगळं ठरतं. मुंगूस दिवसा येतो, लोकांना वाटतं रात्रीचा धोका म्हणून, पण तो भरदुपारी माणसं जेवून लवंडली की येतो. कांडेचोर (उदमांजर) आणि रानमांजर रात्री. धामण अंड्यांसाठी आणि उंदरांसाठी. घूस खालून माती उकरते. घार न् कावळा पिल्लांपुरते. म्हणून जाळी नुसती खिळ्याने ठोकू नका, वर लाकडी पट्टी मारून स्क्रूने आवळा, आणि कोपऱ्यात, दाराखाली, पत्र्याच्या नळीत कुठे दोन बोटं जातील एवढी फट राहिली का ते हात फिरवून बघा. खुराडं जांभ्याच्या चिऱ्यांवर दीड-दोन फूट उचलून घ्या म्हणजे घूस आणि ओल दोन्हीचा प्रश्न मिटतो, आणि खाली झाडता पण येतं. बाहेर फिरायला जाळीचं अंगण करणार असाल तर त्याची जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर माती-दगड टाका, उकरणारा जाळीच्या कडेलाच उकरायला लागतो आणि तिथेच अडतो.

आता खरी गोष्ट. बरेच जण मुंगसाच्या भीतीने सगळीकडून प्लाय मारून पेटी करून टाकतात आणि मग कोंबड्या आजारी का पडतात म्हणून विचारतात. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकून अंग थंड करते, त्यातून वाफ बाहेर पडते, विष्ठेतून अमोनिया सुटतो, आणि हे सगळं आत कोंडलं की डोळे, छाती बिघडते. सकाळी दार उघडल्यावर तुमच्या नाकाला झोंबलं तर हवा कमी आहे असं समजा. भिंतीचा खालचा भाग फळीचा आणि वरचा निम्मा जाळीचाच ठेवा, निदान समोरासमोरच्या दोन बाजूंना. वेल्डमेश असली की उघडं असण्यात काही धोका नाही.

फक्त पावसाची बाजू बंद हवी. आपल्याकडे झड नैर्ऋत्येकडून येते, तेव्हा पश्चिमेची भिंत पूर्ण फळीची, खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम धरा, आणि छपराची पावळी दोन-तीन फूट बाहेर काढा. पत्रा घातला तर एप्रिल-मे मध्ये भट्टी होते, वर झावळ्या किंवा पेंढा टाका, नाहीतर सरळ फणसाच्या सावलीत उभं करा.

माप म्हणाल तर चार बाय सहा फूट पुष्कळ, कोंबडीमागे तीन चौरस फूट होतात. बसायच्या दांड्या सहा-सहा फुटाच्या दोन, दोन्ही एकाच उंचीवर, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी. लाकडी, दोन इंच रुंद, कडा घासलेल्या. पीव्हीसी पाईप नको, पाय घसरतात. बांबू चालतो पण चिरला की त्यात पिसवा (बारीक लाल किडे) लपतात, दिवसा दिसतच नाहीत आणि रात्री रक्त पितात, म्हणून फटींना अधूनमधून चुना लावत जा. अंड्यांसाठी फूटभर मापाची दोन खोकी किंवा पेंढा घातलेल्या टोपल्या, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि दांडीपेक्षा खाली, कारण कोंबडीला रात्री सगळ्यात उंच जागा लागते, खोकी वर असतील तर त्यातच झोपून घाण करणार.

खाली भाताचा तूस दोन-तीन इंच. ओला झाला की लगेच बदला, ओल्या तुसातच रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, पिल्लं तर पटापट जातात. राख आणि कोरड्या मातीचं एक घमेलं पावसाळ्यात आतच ठेवा, बाहेर धूळ नसते तेव्हा त्या त्यातच लोळतात. दाणा मात्र रात्री बाहेर काढायचा, दाण्याला उंदीर आणि उंदरामागे साप.

दाराला नुसती आकडी नको, सरकता बोल्ट आणि त्यात खिळा.

कोंबड्या आणल्यावर पहिले चार-पाच दिवस सोडू नका, आत दाणापाणी द्या. मग सूर्य मावळायच्या तासभर आधी सोडायच्या, लांब जायला वेळच मिळत नाही आणि अंधार पडायला लागला की आपसूक आत येतात. एखादी आंब्यावर चढून बसलीच तर अंधार पडल्यावर उचलून दांडीवर ठेवा, अंधारात तिला दिसत नाही त्यामुळे गप धरता येते, दोन-तीन रात्रीत सवय लागते.