पेंट शॉप सुधारलं हे खरं, पण ते 15 लाख आहेत कुठे?

भांडुपचे एक काका लिहितात: वाहन कंपनीत 31 वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची 19 पेंट शॉपमध्ये. दीड महिन्यापूर्वी 58 पूर्ण होऊन निवृत्त झालो. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे असे मिळून 52 लाख हातात आले. सहकारी बँकेत 9 लाखांची एफडी आहे आणि वेळोवेळी घेतलेले आमच्या कंपनीचे शेअर आजच्या भावाने 6 लाख 40 हजारांचे आहेत. घर स्वतःचं, कर्ज नाही. घरखर्च महिना 42,000, ईपीएसचं पेन्शन साधारण 5,000. मुलगा चाकणला, आमच्याच कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात. मुलीच्या लग्नाला दोन वर्षांत 10 लाख लागतील. कंपनीने पर्यावरणासाठी केलेलं काम मी डोळ्यांनी पाहिलंय, पुढचा काळ अशाच कंपन्यांचा आहे. म्हणून आणखी 15 लाखांचे शेअर घ्यावेत असं मनात आहे. मुलगा म्हणतो घ्या, बायको म्हणते आधी ताईंना विचारा.

काका, नमस्कार. उत्तर आधीच सांगून टाकते: घेऊ नका. कंपनीबद्दल मला काही वावगं म्हणायचं नाही. तिचं नाव मी इथे मुद्दाम गाळलंय, कारण माझं म्हणणं कुठल्याही वाहन कंपनीला लागू आहे.

तुमच्या पत्रातला शर्टांचा परिच्छेद मी दोनदा वाचला. पूर्वी तुमच्या शर्टांना थिनरचा वास इतका चिकटायचा की काकू ते वेगळ्या बादलीत भिजवायच्या आणि गॅलरीच्या ग्रिलबाहेर वाळत घालायच्या. मग पाण्यावर आधारित रंग आले आणि तो वास कधी गेला ते घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. कंपन्यांच्या चकचकीत अहवालांत व्हीओसी, म्हणजे रंगातून हवेत उडणारी रसायनं, घटल्याचे आलेख असतात, पण त्यापेक्षा मी या बादलीवर जास्त विश्वास ठेवीन.

आणि पेंट शॉपमध्ये बदल झाला म्हणजे तो वरवरचा नसतो, हेही मान्य. गाडीच्या कारखान्यात सगळ्यात जास्त ऊर्जा खाणारा विभाग तोच. बूथमधली हवा ठरावीक तापमानाची, ठरावीक दमटपणाची लागते. ईडीच्या, म्हणजे विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवण्याच्या, टाकीतून बॉडी बाहेर आली की ओव्हन, रंगाचे थर चढले की पुन्हा ओव्हन. मधला एक ओव्हन वाचवणारी पद्धत तुमच्याकडे आली तेव्हा गॅसचं बिल किती उतरलं ते तुम्ही लिहिलंय. ईटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून, निघालेलं पाणी शौचालयांना आणि झाडांना जातं, छपरावर सोलर आहे. ही सगळी बचत दर महिन्याला नफ्यात उतरते, म्हणजे भागधारकाच्या दृष्टीनेही ती खरी आहे.

पण तुम्ही पाठवलेल्या कंपनीच्या अहवालातल्या एका ओळीबद्दल मात्र तुम्हालाच विचारते. ‘लँडफिलला शून्य कचरा’ असं तिथे मोठ्या अक्षरांत छापलंय, म्हणजे पुरण्यासाठी काहीच पाठवत नाही. रंगाचा गाळ मग जातो कुठे? तुम्हीच पत्रात लिहिलंय, पूर्वी ट्रक तळोज्याला, घातक कचरा पुरण्याच्या जागी, जायचे, आता सिमेंटच्या भट्टीला जातात. गाळ भट्टीत इंधनाबरोबर जाळणं हे पुरण्यापेक्षा बरंच, नियमालाही धरून. मात्र ‘शून्य कचरा’ वाचून माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाचा समज होतो की गाळ निघतच नाही. तुमचा तसा समज होणार नाही, कारण ते ड्रम तुम्ही भरलेत. अहवाल असाच वाचायचा असतो: प्रत्येक वाक्यापुढे ‘म्हणजे नक्की काय’ असं विचारत.

आता गेटबाहेर येऊ. तुम्ही 31 वर्षं जे पाहिलंत ते गेटच्या आतलं. धुराचा मोठा हिशेब बाहेर होतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी आयुष्यात दीड लाख किलोमीटर धावली तर 10,000 लिटर पेट्रोल, म्हणजे 23 टन. युरोपातल्या कार कारखान्यांत एका गाडीमागे कारखान्याचा स्वतःचा आणि विकत घेतलेल्या विजेचा मिळून धूर अर्ध्या टनाच्या आसपास धरला जातो. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, टायर यांचे काही टन वेगळे. थोडक्यात, तुमचं पेंट शॉप उद्या पूर्ण सूर्यावर चाललं तरी त्या 23 टनांतला एक किलोही कमी होत नाही. अहवालाच्या भाषेत भट्टी-बॉयलर म्हणजे स्कोप वन, वीज म्हणजे स्कोप टू आणि गाडी विकल्यानंतरचा धूर स्कोप थ्रीमध्ये. तुम्ही पाठवलेल्या पानांवर पहिले दोन ठळक आहेत, तिसरा तळटीपेत. कंपनीचं भवितव्य मात्र त्या तळटीपेत आहे: इलेक्ट्रिक किती विकणार, हायब्रीड किती, सीएनजी किती. त्यावर सरकारच्या कॅफे नियमांची नजर असते. कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांचा सरासरी धूर मर्यादेत हवा, छपरावर सोलर किती आहे ते तिथे कुणी विचारत नाही.

(हिशेब तपासायचा असेल तर सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर नावाचा, पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा, अहवाल सक्तीचा केलाय, तो वार्षिक अहवालातच मिळतो. चकचकीत पुस्तिका बाजूला ठेवा, तो वाचा. आकडे बाहेरच्या कुणी तपासलेत का, हेही त्यात दिसतं.)

‘हिरवी कंपनी म्हणजे सुरक्षित शेअर’ हे समीकरण कुठे तुटतं, त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण फोक्सवॅगनचं. सप्टेंबर 2015 च्या सुरुवातीला डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात वाहन उद्योगात ती पहिली होती. त्याच महिन्याच्या 18 तारखेला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केलं की कंपनीच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी दाखवतं. जगभरात अशा गाड्या निघाल्या 1 कोटी 10 लाखांच्या घरात. पुढच्या दोन कामकाजाच्या दिवसांत शेअरने तिसरा हिस्सा किंमत घालवली. तिथल्या पेंट शॉपमध्येही तुमच्यासारखे प्रामाणिक लोक असतीलच की. त्यांना इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधलं काय दिसणार होतं?

आपल्याकडचंही आठवत असेल. मार्च 2017, पाडवा नुकताच झालेला, आणि 29 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1 एप्रिलपासून बीएस-3, म्हणजे धुराच्या जुन्या मानकाच्या, गाड्या विकायच्या नाहीत. देशभर आठ लाखांवर गाड्या पडून होत्या, बहुतेक दुचाकी. दोन दिवस शोरूमसमोर रांगा लागल्या, हजारोंची सूट. गिऱ्हाइकाची चंगळ झाली, भागधारकाची नव्हे.

दुसरं म्हणजे तुमच्या कंपनीने जे केलं ते एव्हाना सगळेच करताहेत. कसाऱ्याचा घाट चढून गेलं की महिंद्राचा इगतपुरीचा कारखाना लागतो, तो कार्बन न्यूट्रल म्हणून केव्हाच प्रमाणित झालाय. मारुती गुजरातेतल्या हंसलपूरच्या कारखान्याच्या आतूनच गाड्या रेल्वेने पाठवते. टाटा मोटर्सने नेट झिरोची, म्हणजे निव्वळ धूर शून्यावर आणण्याची, सालं जाहीर केलीत. ही कामं चांगलीच आहेत, पण सगळ्यांना ठाऊक असलेल्या चांगल्या गोष्टीची किंमत शेअरच्या भावात आधीच धरलेली असते. बाजाराला माहीत नाही आणि तुम्हाला माहीत आहे, असं यात काही उरलेलं नाही.

आता चाकणचं बोलू, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. 2019-20 मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री जवळजवळ 18 टक्क्यांनी घसरली. कंपन्यांनी ‘नो प्रॉडक्शन डे’ जाहीर केले आणि त्याचा पहिला फटका बसला तो सुटे भाग पुरवणाऱ्यांकडच्या कंत्राटी कामगारांना. असा काळ पुन्हा आला तर मुलाचा ओव्हरटाइम बंद होईल, कदाचित नोकरीही डळमळेल, आणि नेमक्या त्याच महिन्यात तुमचे शेअर पडलेले असतील. आज तुमच्या एकूण 67 लाख 40 हजारांपैकी साडेनऊ टक्के एका शेअरमध्ये आहेत. आणखी 15 लाख घातलेत की जवळपास तिसरा हिस्सा. मुलाचा पगार त्याच गाडीवर, वडिलांची पुंजीही त्याच गाडीवर. इतकं एका ठिकाणी बांधून घेऊ नका.

बरं, हे सगळं क्षणभर विसरू आणि साधी बेरीज करू. कारण पत्र वाचून झाल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि ते 15 लाख मला सापडलेच नाहीत.

42,000 मधून पेन्शनचे 5,000 गेले, दरमहा 37,000 उभे करायचे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख ठेवलेत तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिना 20,500. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत तुम्ही आणि काकू मिळून 15 लाख ठेवू शकता, 7.4 टक्क्यांनी महिना 9,250. झाले 29,750. अजून 7,250 कमी पडताहेत. आणि शिल्लक? हातातले 52 आणि एफडीचे 9 अशा 61 लाखांतून 45 गेले, राहिले 16. त्यातले 10 लग्नाचे, त्यांना हात लावायचा नाही. उरले 6, ते अडीअडचणीसाठी. त्यांचं व्याज धरलं तरी महिन्याला चारेक हजारांची तूट राहतेच. शेअरसाठी 15 लाख काढायचे तर ते मासिक उत्पन्न योजनेतून किंवा लग्नातून काढावे लागतील. एक-दीड टक्का लाभांश मिळाला तर 15 लाखांवर वर्षाला 15 ते 22 हजार. पोस्ट वर्षाला 1 लाख 11 हजार देतंय.

घाई फक्त एका गोष्टीची आहे. 60 च्या आत ज्येष्ठ नागरिक योजना उघडायची असेल तर निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत उघडावी लागते. तुमचा दीड महिना गेला. कंपनीकडून निवृत्तीचं आणि मिळालेल्या रकमेचं पत्र लागेल, ते या आठवड्यात मागून घ्या. एचआरवाले रेंगाळतात, तुम्हाला मी सांगायला नको.

सहकारी बँकेतल्या एफडीवर ठेव विमा 5 लाखांपर्यंतच असतो. मुदत संपली की निम्मी दुसऱ्या बँकेत हलवा.

आहेत ते 6 लाख 40 हजारांचे शेअर? सगळे विका असं मी म्हणणार नाही, 31 वर्षांची माया आहे. निम्मे विका. थोडे 31 मार्चच्या आधी, थोडे नंतर, म्हणजे वर्षाला 1 लाख 25 हजारांपर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त राहण्याचा फायदा दोनदा मिळेल. ते पैसे निर्देशांकावर चालणाऱ्या फंडात ठेवा. महागाई 6 टक्क्यांनी धरली तर आजचा 42,000 चा खर्च बारा वर्षांत 84,000 होतो, त्यामुळे थोडं शेअर बाजारात हवंच. फक्त एका कंपनीत नको.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की अंबरनाथ एमआयडीसीतला एक पुरवठादार पेंट लाइन आणि ईटीपी बघायला आठवड्यातून तीन दिवस बोलावतोय, महिना 18,000 देतो म्हणतो, पण ‘आता पुरे’ म्हणून तुम्ही नाही कळवलंत. काका, यावर पुन्हा विचार करा. मोठ्या कंपन्या आता पुरवठादारांकडूनही पाण्याचे, विजेचे, गाळाचे आकडे मागतात, आणि छोट्या कारखान्यांत ते आकडे नीट ठेवणारा माणूस मिळत नाही. पेंट शॉपमधल्या बदलावर तुमचा इतका विश्वास आहे ना, मग त्यातून पगार घ्या. अंबरनाथला जायला ठाण्याला गाडी बदलायची की कसं, ते तुम्ही ठरवा. सकाळी उलट्या दिशेने जाताना बसायला तरी जागा मिळते. त्या 18,000 मधून तूट भरून दरमहा 10,000 ची एसआयपी बसते. जमेल तितकी वर्षं करा.

एक राहिलं. कंपनीची मेडिक्लेम बहुधा निवृत्तीबरोबरच संपली असेल आणि तुमच्या 42,000 च्या यादीत विम्याचा हप्ता मला दिसला नाही. तुम्हा दोघांची स्वतःची पॉलिसी आहे का? नसेल तर तुमची आणि काकूंची वयं आणि काही जुनी दुखणी असतील तर तीही कळवा, अगदी थिनरच्या दिवसांतला खोकलासुद्धा. फॉर्ममध्ये तो लपवायचा नाही.